पिवळ्या पट्ट्याची दुसरी गाडी

“अरे, चिकटपट्टी आत्ता काढू नकोस! रंग ओला आहे!”

भिंगरी ओरडली खरी, पण तोवर गडगड्याने पट्टी ओढलीच होती. गाडीच्या दारावरच्या पिवळ्याधमक पट्ट्यातून एक लांब ओघळ सरसर खाली आला.

“झालं! गाडीला पडसं झालं, नाक वाहतंय!” टिपकागद म्हणाला.

भिंगरी एका जागी म्हणून ठरत नसे. तिचा धाकटा भाऊ पाहिलेलं सगळं डोक्यात टिपून ठेवी, म्हणून तो टिपकागद. आणि मामाचा मुलगा कुजबुजला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जाई, म्हणून तो गडगड्या. सुट्टी लागल्या लागल्या बहीणभाऊ मामाकडे आले होते आणि मामाच्या रंग उडालेल्या पिकअपला नवं रूप द्यायचं काम अंगणात जोरात चाललं होतं. ओल्या पॉलिशपेपरने पत्रा घासून झाला होता. काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती. माल ठेवायच्या हौद्याला लाकडी कठडा बसला होता. मागे उघडणाऱ्या फाळक्यावर भिंगरीने खंड्या पक्षी काढला होता. गाडीचा हिरवा रंगही तिनेच कालवला होता, त्यात चमचाभर काळा घालून.

“वा! अशी गाडी अख्ख्या गावात नाही!”

फाटकाशी काळ्या चष्म्याचा एक माणूस उभा होता. मामा लगेच फुगला. चष्मेवाला आत आला, गाडीभोवती फिरला. त्याने चारी बाजूंनी फोटो काढले, कठड्याची उंची वितीने मोजली.

“हा हिरवा कुठल्या डब्यातला गं, बाळ?”

“डब्यातला नाहीच! मी बनवलाय,” भिंगरीने ऐटीत सांगितलं आणि चमचाभर काळ्याचं गुपितही सांगून टाकलं.

तो गेल्यावर मात्र तिला काहीतरी खटकलं. “त्याने ओघळाचासुद्धा फोटो काढला. चुकीचा फोटो कोण काढतं?”

“तुला काय, जो तो चोरच दिसतो!” गडगड्या गरजला.

रंगाचा वास अजून गेला नव्हता, तोच एका सकाळी मामा कामावरून लवकर परतला. चेहरा पार उतरलेला. मामीने पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

मामा एका गोदामातून पंख्यांची खोकी दुकानांत पोचवत असे. त्याची खोकी मागच्या ओट्यावर काढून ठेवलेली असत आणि तो ती स्वतः भरून नेई. आज ओटा रिकामा होता.

“चौकीदार म्हणतो, काल दुपारीच तर नेलीत तुम्ही,” मामा म्हणाला. “हिरवी गाडी, पिवळा पट्टा, मागे पक्षी. त्याने डोळ्यांनी पाहिली म्हणे!”

“पण काल दुपारी तर तुझी गाडी जॅकवर होती!” भिंगरी म्हणाली. “चाकं काढून आम्ही रिम रंगवत होतो.”

“तेच सांगितलं. मालकीणबाई म्हणतात, भाचरं मामाच्याच बाजूने बोलणार. उद्या संध्याकाळपर्यंत माल आला नाही, तर काम बंद आणि त्या पोलिसांत जाणार.” मामाने पेला खाली ठेवला. “आजवर माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.”

भिंगरीला हिरव्याचं गुपित आठवलं. काळा किती घालायचा ते तिनेच तर सांगितलं होतं!

“चौकीदाराने मामाला पाहिलं नाही, गाडी पाहिली,” ती भावांना म्हणाली. “म्हणजे अशी दुसरी गाडी आहे. आणि ती कुणाची, ते मला ठाऊक आहे.”

टिपकागदाने डोळे मिटले. “चष्मेवाला! त्याच्या बुटांना टायरची काळी भुकटी लागली होती. तशी भुकटी गावात एकाच ठिकाणी आहे.”

टायरवाल्याच्या दुकानामागे एक पत्र्याची शेड होती. मुलं सायकलींत हवा भरायच्या निमित्ताने तिथे पोचली. गडगड्या टायरवाल्याशी बोलत राहिला, म्हणजे आवाजाची काळजीच मिटली. भिंगरी आणि टिपकागद जुन्या टायरांच्या ढिगाआडून शेडपाशी सरकले. भिंगरीने फटीला डोळा लावला.

तोच हिरवा. तोच पट्टा. तोच खंड्या, फक्त चोच जरा वाकडी. आणि दारावर तोच ओघळ, ब्रशने काळजीपूर्वक काढलेला! नंबराची पाटी चिखलाने माखलेली.

मागे पावलं वाजली. दोघं एका मोठ्या टायरात अंग चोरून बसली. चष्मेवाला कुलूप उघडून आत गेला. दार लागताच दोघांनी धूम ठोकली.

घरी मामा सगळं ऐकून म्हणाला, “रंगाची नक्कल केली म्हणून कुणी चोर ठरत नाही, बाळांनो. तो म्हणेल, हौस!”

“मग रंगेहाथ पकडू या!” भिंगरी म्हणाली. “त्याच्याकडे आपल्या गाडीचं जुनं रूप आहे. आपण ते बदलू. म्हणजे उद्या पिवळ्या पट्ट्याची जी येईल, ती त्याची!”

मामाने डोकं खाजवलं. मग उठला आणि पॉलिशपेपर शोधायला लागला.

अंगणाच्या फाटकाला ताडपत्री लावली. पट्टा घासला, चिकटपट्ट्या लावल्या, लाल रंग चढला. या वेळी गडगड्याला चिकटपट्टीजवळ कुणी फिरकू दिलं नाही. त्याला दुसरं काम होतं. तो टायरवाल्याकडे जाऊन, त्याच्या मते हळूच, म्हणाला, “उद्या बाबा गाडी काढत नाहीयेत हो! दाढ सुजलीये! खोकी ओट्यावरच राहणार!” शेडमधल्या माणसाला ते ऐकू गेलं नसतं तरच नवल!

मालकीणबाईंना राजी करताना मात्र मामाला घाम फुटला. शेवटी त्या म्हणाल्या, “एक दुपार देते, ओट्यावर खोकीही मांडून ठेवते. चौकीदारालाही सांगत नाही. बघू या.”

दुसऱ्या दिवशी मागच्या फाटकाने मामाची गाडी आत आली आणि गोदामाआड उभी राहिली. मालकीणबाई, मामा आणि मुलं कचेरीच्या खिडकीशी दबा धरून बसली. जेवणाची सुट्टी झाली, हमाल पांगले. चौकीदार खुर्चीत पेंगत होता.

“कोणी येत नाही,” मालकीणबाई करड्या आवाजात म्हणाल्या. “मला वाटलंच होतं.”

तेवढ्यात हॉर्न वाजला. हिरवी गाडी! पिवळा पट्टा!

चौकीदाराने अर्धा डोळा उघडला, बसल्या बसल्या दोर ओढून आडवा दांडा वर केला आणि दोर हातात तसाच धरून सलाम ठोकला. “या मामा, या!”

मालकीणबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या मामाकडे पाहिलं. मग फाटकाकडे. मग पुन्हा मामाकडे.

गाडी ओट्याला लागली. चष्मेवाला उतरला आणि भराभर खोकी चढवू लागला.

“आता!” भिंगरी म्हणाली.

“दांडा पाडाऽऽ! चोर! चोर!” गडगड्याच्या आरोळीने खिडकीच्या काचा थरथरल्या. चौकीदार खुर्चीसकट उलटला, दोर हातातून सुटला आणि दांडा धाडकन खाली आला. मामाने आपली गाडी काढून वाटेत आडवी घातली.

चष्मेवाला क्षणभर गडबडला, पण हसला. “अहो, मामांचा माणूस आहे मी. त्यांची दाढ सुजलीये ना! ही गाडी ओळखत नाही का? त्यांचीच तर आहे!”

“मग मी कुणाची चालवतोय?” लाल पट्ट्याच्या गाडीतून उतरत मामाने विचारलं.

चष्मेवाल्याने वळून पाहिलं आणि पळायला पाय उचलला. तोवर आरोळी ऐकून धावत आलेल्या हमालांनी त्याला घेरलं होतं.

पोलिसांना शेडमध्ये ताडपत्रीखाली परवाची सगळी खोकी मिळाली.

मालकीणबाई सगळ्या हमालांदेखत मामासमोर आल्या. “तुमच्यावर संशय घेतला, मामा. चुकले मी. चौकशी या पोरांनी केली, जी मी करायला हवी होती.” त्यांनी भिंगरीच्या पाठीवर हात ठेवला. “डोकं शाबूत ठेवलंस गं, पोरी!”

“आणि माझा आवाज?” गडगड्याने विचारलं.

“तो कोण विसरेल! कान अजून वाजताहेत माझे,” मालकीणबाई म्हणाल्या, तसे सगळे खो खो हसले.

दुसऱ्या सकाळी मामा मुलांना घेऊन कामावर निघाला. फाटकाशी चौकीदार ताठ उभा होता. त्याने दांडा उचललाच नाही. खिडकीशी येऊन त्याने मामाचा चेहरा न्याहाळला, नंबर वाचला, हौद्यात डोकावला.

“उतरा जरा खाली. नीट पाहू द्या.”

मामा लगबगीने उतरला आणि हात पसरून उन्हात उभा राहिला. “पाहा की! सावकाश पाहा!” तो म्हणाला. कुणी अडवल्याचा इतका आनंद झालेला माणूस भिंगरीने त्याआधी कधी पाहिला नव्हता.