जीवाणीचा लोटा

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी आत्ताच उठावं आणि आपापल्या कामाला लागावं. मी कुणाची मनधरणी करणार नाही.

पण हे घडलं. एकोणसत्तर साली, दोंडाईच्याला, स्टेशनपलीकडच्या कापसाच्या बंद जिनमध्ये, संवत्सरीच्या संध्याकाळी.

जिच्या बाबतीत घडलं ती धनकुंवर आता धुळ्यात असते. तिच्या घरी गेलात तर चहा मिळेल, फराळ मिळेल...

पाणी मात्र ती आपल्या हाताने कुणालाही देत नाही.

धनकुंवर कापसाच्या व्यापाऱ्याची धाकटी सून. घरात चार भाऊ, चार सुना आणि चूल एक. त्या चुलीवर राज्य सासूबाईंचं, म्हणजे प्रेमकुंवरबाईंचं. डाळीत मीठ किती, हेसुद्धा त्याच ठरवणार. धनकुंवरला सोनं नको होतं, नाणं नको होतं. तिला स्वतःची चूल हवी होती.

सासऱ्यांनी तेव्हा एक बंद पडलेली जिन घेतली होती. खाली गोदाम, वर रिकामी माडी. कापसातून सरकी काढायची यंत्रं पूर्वी त्या माडीवर ओळीने उभी असत. यंत्रं भंगारात गेली. राहिले लोखंडी खांब, फळ्यांची जमीन आणि छताखालचा लांबलचक लोखंडी दांडा. पट्टे लावून सगळी यंत्रं फिरवायचा तो हाच. अख्ख्या माडीत मधे आडवी म्हणून एक भिंत नव्हती. या टोकाला शिंकलं की त्या टोकाहून आवाज परत यायचा.

"ही धर्मशाळा आहे गं," नवरा म्हणाला. अभयकुमार त्याचं नाव. माणूस सरळ, पण आईपुढे तोंड उघडायचा नाही.

"तुम्ही बघाच," धनकुंवर म्हणाली.

आणि बाईने खरोखर करून दाखवलं! नीळ घालून भिंतींना चुना मारून घेतला. खांबांना हिरवा ऑइल पेंट दिला. लग्नातल्या बांधणीच्या ओढण्या दोरीवर टाकून तीन खोल्या पाडल्या. सरकी खाली पडायला फळ्यांत भोकं होती, त्यांवर सतरंज्या आल्या. कोपऱ्यात फरशी बसवून मोरी झाली. आणि छताखालच्या त्या दांड्याला तिने झोपाळा टांगला.

खाली सुपडू नावाचा म्हातारा रखवालदार होता. झोपाळा टांगताना त्याने पाहिलं. टोपी काढली आणि जिना उतरून गेला.

सासूबाई बघायला आल्या त्या नाकाला पदर लावूनच.

"बींदणी," सुनेला त्या अशीच हाक मारायच्या, "रंग लावला म्हणून घर होत नसतं. चातुर्मास आहे. धर्म पाळून दाखव. पर्युषणात अठ्ठाई कर, पारण्याला मी स्वतः येईन. तुझ्या घरचं पाणी गोड लागलं तर चूल तुझी. नाही लागलं, तर भांडीकुंडी उचलायची आणि गुपचूप परत यायचं."

धनकुंवरने घुंघटातून मान हलवली. आठ दिवस उपास, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. तिने मनात म्हटलं, जमेल.

पण ती माडी म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा.

आधी वास सुटला. खवट सरकीच्या तेलाचा. अंथरुणाला, भांड्यांना, नवऱ्याच्या सदऱ्याला. मग चुन्यातून काळं तेल पाझरायला लागलं. पुसलं की बोटाला चिकटायचं, साबणानेही सुटायचं नाही. कणीक मळली की कापसाचे तंतू निघायचे. घास चावताना दाढेखाली काहीतरी मऊ लागायचं.

कबुतरांसाठी ती खिडकीत ज्वारी टाकायची. ज्वारी तशीच राहायची.

सरकीचं गोदाम असून उंदीर नव्हता. पाल नव्हती. एवढ्या घाणीत साधी मुंगी नव्हती...

आणि मग पाणी.

जैनांच्या घरात पाणी गाळून घेतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. गाळणीच्या फडक्यात जे राहतं ती जीवाणी. त्यात बारीक जीव असतात, म्हणून ती कुठेही फेकायची नाही. त्यासाठी बुडाला कडी असलेला एक लोटा असतो. कडीची दोरी तोंडावरच्या आडव्या काडीत अडकवून तो सरळ सोडायचा. पाण्याला टेकला की काडी सुटते, लोटा पालथा होतो आणि जीवाणी अलगद पाण्यात जाते. नियम एकच. ज्या पाण्यातला जीव, त्याच पाण्यात.

जिनचं पाणी मागच्या हौदातलं. बॉयलरसाठी बांधलेला खोल हौद, तळाला जिवंत झरा. दिसायला पाणी नितळ.

श्रावणातल्या एका सकाळी धनकुंवरने फडकं उघडलं, तर त्यात एक केस होता.

लांब. तेलकट. पिकलेला.

तिचे स्वतःचे केस तर काळेभोर होते.

तिने तो लोट्यात घालून हौदात सोडला. दुसऱ्या सकाळी दोन होते. मग चिमूटभर. मग एके दिवशी गुंता निघाला, आणि त्या गुंत्याच्या मुळाशी काहीतरी चिकटलेलं होतं. पांढरट, मऊ, दुधावरच्या सायीसारखं.

"शी शी शी!" म्हणत तिने डोळे मिटले आणि ते सगळं फडक्यासकट मोरीत झटकलं. वर बादलीभर पाणी ओतलं.

नियम मोडला होता. पण तो लोटा हातात धरून हौदापर्यंत जायचं तिच्याच्याने झालं नाही. मग ती रोजच मोरीत झटकू लागली.

नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणणार आईला विचारू. स्टेशनच्या नळावरून पाणी आणावं, तर वाटेवर सासऱ्यांचं दुकान. संध्याकाळच्या आत सासूबाईंना खबर. हौदाचं पाणी खराब निघालं की चूल गेलीच. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगते कुणाला!

पर्युषण लागलं. अठ्ठाई सुरू झाली. म्हणजे पोटात अन्नाचा कण नाही...

फक्त ते पाणी.

चार पदरी गाळायची, खळखळून उकळायची, नाक दाबून प्यायची. तरी जिभेवर साय आल्यासारखं वाटायचं. एकदा ओकारी झाली. पाणीच पडलं. आणि ओठाला काहीतरी लोंबत राहिलं. तिने बोटाने ओढलं. ते येतच राहिलं... घशातून, छातीतून, ओढेल तसं.

लांब. तेलकट. पिकलेला.

मी सांगताना मला कसंतरी होतंय. तिचं काय झालं असेल?

मोरी तुंबली. पाणी उतरेना. आणि संवत्सरीच्या, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, दुपार कलली असताना, मोरीतून आवाज आला.

खर्र... खर्र...

कंगव्याने कोरडे केस विंचरावेत तसा.

धनकुंवर धडपडत खाली आली. सुपडू दारात बसून आपल्या डब्यातलं पाणी पीत होता. ते तो घरून आणायचा.

"सुपडूभाऊ, तुम्ही हौदाचं पाणी का पीत नाही?"

"असंच शे, शेठाणी. सवय नही."

"आज संवत्सरी आहे. आज तरी खोटं बोलू नका."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "तुम्ही तठे झोका टांगा, तव्हाच मना जीव उडी गया. त्याच दांडामा मंदाबाईना केस गुतनात. बठ्ठा गयात, माय... कातडीसकट."

मंदाबाई माडीवर यंत्रात कापूस घालायची. म्हातारी होती, पण केस गुडघ्यापर्यंत. त्या दिवशी अंबाडा सुटला, केस पट्ट्यात सापडले आणि थेट दांड्यापर्यंत ओढले गेले. शरीर लेकांनी नेलं, जाळलं. पण केस दांड्याला गुंडाळलेलेच राहिले. जुन्या मालकाच्या मुकादमाला काम थांबवायचं नव्हतं. त्याने नाक धरून ते खरवडले, पत्र्यावर घेतले आणि हौदात फेकून दिले. लेक मागायला आले, तर म्हणाला, काहीच उरलं नाही. आणि तासाभरात यंत्रं पुन्हा सुरू!

असल्या माणसाच्या तोंडात शेण घालावं.

"आणि हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत?" धनकुंवर ओरडली. "मी आठ दिवस तेच पितेय!"

"सांगतू तं नोकरी जाती, शेठाणी."

ती वर आली. सूर्य मावळायला आला होता. अभयकुमार प्रतिक्रमणाला, म्हणजे संध्याकाळच्या क्षमापाठाला, जैन स्थानकात गेलेला. माडी रिकामी. वारा नव्हता, तरी झोपाळा हलत होता.

धनकुंवरने बाह्या सारल्या, श्वास रोखला आणि मोरीच्या भोकात हात घातला.

लागलं. गच्च, गार, बुळबुळीत. ती ओढू लागली. हात हात लांब केस निघत होते, त्यांत कापूस, काळं तेल, ती पांढरी साय. कोपरापर्यंत हात बरबटला. ती रडत होती, कोरड्या ओकाऱ्या काढत होती, आणि ओढत होती. शेवटी काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि मोरी गटगट वाहू लागली.

तिने तो गोळा लोट्यात कोंबला. लोटा जड झाला होता, भरल्या घागरीएवढा.

हौदाच्या काठावर तिने दोरी सोडली.

"खमत खामणा, मंदाबाई," ती म्हणाली. संवत्सरीला सगळ्या जीवांची क्षमा मागतात, तशी. "माझ्याकडून चूक झाली. मी किळस केली. तुमचं तुम्हाला परत."

लोटा टेकला, पालथा झाला. आणि पाण्याखालून दोरीला एक हिसका बसला.

हलकाच. हातातलं कुणी घ्यावं तसा.

दुसऱ्या सकाळी फडकं स्वच्छ होतं. धनकुंवर हसली, कितीतरी दिवसांनी. खिडकीत कबुतर बसलं होतं. वाससुद्धा गेला होता.

सासूबाई पारण्याला आल्या. सुनेला आपल्या हाताने मुगाचं पाणी पाजलं. झोपाळ्यावर बसल्या, चौफेर पाहिलं. मग पाणी मागितलं. पेलाभर प्यायल्या.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. "चूल तुझी, बींदणी."

धनकुंवरच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पाया पडायला वाकली...

सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. जिभेवर काहीतरी आलं होतं. दोन बोटांनी चाचपलं, धरलं, जरासं ओढलं.

"आक्! हे काय गं घाणेरडं?"

"माँजी, थांबा! तिथे नको! माझ्या हातावर द्या!"

पण सासूबाई तोवर मोरीपाशी पोहोचल्या होत्या. त्या थुंकल्या. थू! थू! वर तांब्याभर पाणीही ओतलं.

खिडकीतलं कबुतर उडालं.

आणि मोरीतून आवाज आला... खर्र... खर्र...

मिळालेली चूल धनकुंवरने आपल्या हाताने विझवली आणि सासूबाईंच्या मागोमाग जिना उतरली. पुढे सासूबाई जाईपर्यंत ती सासरच्या त्याच एका चुलीपाशी राहिली. "स्वतःचं घर टिकवता आलं नाही," हे टोमणेही ऐकले. ओढण्यासुद्धा आणायला ती पुन्हा गेली नाही.

ती जिन नंतर पाडली. तिथे प्लॉट पडले. हौद दगडमातीने भरून टाकला. आता त्याच्यावर कुणाचं तरी घर आहे.

धुळ्याच्या घरात नळाचं पाणी येतं. धनकुंवर अजून गाळते. महिना महिना फडकं स्वच्छ असतं. मग एखाद्या सकाळी...

लांब. तेलकट. पिकलेला.

ती तो फेकत नाही. मोरीत तर नाहीच. ज्या पाण्यातला, त्याच पाण्यात सोडायचा, पण ते पाणीच आता राहिलं नाही. म्हणून ती तो त्या जुन्या लोट्यात ठेवते आणि तोंडाला फडकं घट्ट बांधते.

गेल्या दिवाळीला तिच्या घरी साफसफाईला हात लावताना मी तो लोटा देवघराच्या खाली पाहिला. झाडताना सहज बाजूला सारायला गेलो.

एका हाताने हलला नाही.