कडेचा माणूस

चहा ओत, पण तो शब्द पुन्हा काढू नको. 'शेवटचा कप कोणाचा' काय विचारतोस? कडेचा म्हण. तुझा बाप खाणीत, आजा खाणीत, आणि तुला एवढं कोणी शिकवलं नाही? खाली उतरणारा माणूस 'शेवटचा' हा शब्द तोंडात आणत नाही. शेवटची पाळी नाही, शेवटची फेरी नाही. रांगेत उभं राहिलं तरी 'कडेला कोण आहे' असंच विचारायचं. हसा, हसा. दुलातही हसायचा.

दुलात म्हणजे पाळीची बस चालवायचा तो. माझ्याच जिन्यात वरच्या मजल्यावर राहायचा. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा त्याच्या पोटात दारूचा थेंब नव्हता, एवढं ध्यानात ठेवा.

सात-आठ वर्षं झाली. जानेवारीची सोळा तारीख, बुधवार. तुम्ही इथं फाटकावर शेकोटी करून बसलाय, तशी त्या आठवड्यात पोरं संप करून खाली खाणीतच बसली होती. अंधारात. वर यायलाच तयार नाहीत. मागणी काय, तर वायू मोजायची यंत्रं नीट करा. यंत्र ओरडलं की काम थांबतं, म्हणून त्याच्यावर जुने कोट गुंडाळून ठेवायचा वरून हुकूम होता. माणूस मेला तर चालेल, कोळसा थांबला नाही पाहिजे.

बसलेल्यांत दुलातचा धाकटा भाऊ होता, मार्लेन. बाप भारी कट्टर कम्युनिस्ट. मार्क्स आणि लेनिन एकाच कणकेत मळून त्यानं पोराचं नाव ठेवलं होतं. दुलात म्हणायचा, "त्याच्या वाट्याला क्रांती आली, माझ्या वाट्याला स्टिअरिंग."

तर संध्याकाळी गाड्यांचा मुकादम रेनात त्याच्याकडे आला. म्हणाला, "साहेबांनी बाहेरगावची माणसं आणवलीत. मध्यरात्रीच्या गाडीनं स्टेशनात उतरतील. तू मागच्या फाटकानं आत आण. पहाटे कोळसा कापायची यंत्रं सुरू झाली, की बसलेल्यांची हवाच निघाली समज."

"माझा भाऊ आहे खाली."

"म्हणून तर तुला सांगतोय. काम सुरू झालं तर त्याला कामावर ठेवतील. नाहीतर मला दुसरा ड्रायव्हर मिळेल. मग मार्लेनचं तुझं तू बघ."

जायचं की नाही, हे दुलातला शेवटपर्यंत... अरे, बघा, माझ्याही तोंडून निघालं. थू थू थू. निघायच्या वेळेपर्यंत ठरवता येईना. भावाची नोकरी राखायची की भावाचा शब्द? खालून फोन आला. बातमी कशी कोण जाणे, खाली पोचलीच होती.

"कोके," मार्लेन म्हणाला. मोठ्या भावाला तो कोके म्हणायचा. "गाडी काढू नको. ती माणसं तू आणलीस, तर वर येऊन मी कोणाच्या घरी जाऊ?"

दुलात म्हणणार होता, तुझ्याच भल्यासाठी चाललोय. पण ते राहिलं. फोन ठेवला आणि गाडी काढली.

साडेअकराची वेळ. थंडी उणे तीस. वारा नाही, आभाळ स्वच्छ. रस्त्याला दोन्हीकडे बर्फाचे ढीग आणि पलीकडे माळ, दुसरं काही नाही. जुन्या खाणीचा थांबा तुम्ही पाहिलाय ना? पत्र्याचा, गंजलेला. तिथं बस थांबत नाही, थांबायला माणूसच नाही. त्या रात्री तिथं माणसं उभी होती. डोक्यावर दिवे लावलेली.

दुलातला वाटलं, हीच ती. आगगाडी लवकर आली असेल, कोणीतरी इथवर आणून सोडली असतील. त्यानं दार उघडलं. माणसं चढू लागली. कोणाच्या तोंडातून वाफ निघाली नाही. दिवे पिवळे होते, पूर्वी असायचे तसे. आता सगळ्यांचे पांढरे.

त्यानं आरशात पाहिलं. तोंडं काळी. डोळे तेवढे पांढरे.

कामावर निघालेला माणूस काळा नसतो, पोरांनो. काळा असतो तो... वर आलेला.

पण दुलात चिडलेला होता. स्वतःवर, भावावर, या लोकांवर. दुसऱ्याची भाकरी पळवणाऱ्यांना कसला आलाय मान? मुद्दाम टोमणा मारून तो ओरडला, "शेवटचा कोण आहे? दार ओढून घे."

सगळे दिवे त्याच्याकडे वळले.

मग अगदी मागून आवाज आला. "शेवटचा मी."

असं उत्तर कोणी देत नाही. जिवंत माणूस तर नाहीच.

"साबण आला का?" त्या आवाजानं विचारलं.

साबण... एकोणनव्वद साली, लाल झेंड्याचं राज्य होतं तेव्हा, आपले बाप संप करून चौकात बसले ते याच्यासाठीच. दिवसभर कोळसा खाल्लेल्या माणसाला अंग धुवायला साबण मिळत नव्हता. त्याच उन्हाळ्यात या जुन्या खाणीत आग लागली. आग विझावी म्हणून खाणीचं तोंड लिंपून टाकलं. आत होते ते आतच राहिले.

"आला," दुलात म्हणाला. "कधीच आला."

"कोणी आणला?"

"तुम्हीच... तुम्ही बसलात, म्हणून आला."

"आता खाली कोण बसलंय?"

"माझा भाऊ."

"आणि तू कुठं निघालास?"

स्टेशनचे दिवे समोर दिसत होते. त्यानं गाडी वळवली.

मागं हेल्मेट बसच्या तळावर आपटायला लागली. ठक... ठक... ठक. बापाच्या खांद्यावर बसून लहानपणी संपाच्या वेळी चौकात ऐकलं होतं, तेच. वाटेत एकदाच आवाज आला. "वर ने आम्हाला. अंग धुवायचंय."

त्यानं आरशात पाहिलं नाही. सरळ पुढच्या फाटकातून आत, न्हाणीघरासमोर. दार उघडलं. कोणी उतरताना दिसलं नाही. पण गाडी हलत होती. एकेक माणूस उतरला की गाडी वर उचलली जाते ना, तशी... थोडी... अजून थोडी.

मग थांबली.

फाटकावर शेकोटी करून बसलेली संपातली पोरं धावत आली तर दुलात किल्ली मुठीत धरून रडत होता. स्टेशनावरची माणसं रात्रभर कुडकुडली आणि सकाळच्या गाडीनं परत गेली. तिसऱ्या दिवशी साहेब नमले. वायूच्या यंत्रांवरचे कोट काढले, ती नीट करून सुरू केली. सुरू केल्याबरोबर सगळी एकदम ओरडली. म्हणजे खाली वायू साचला होता, त्या पहाटे कापायला सुरुवात होऊन एक ठिणगी उडाली असती तर... जाऊ दे. मार्लेन वर आला आणि दुलातच्याच घरी जेवला, एवढं पुरे.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. रेनात शिव्या देत आला, तो न्हाणीघराच्या मागं जाऊन तिथंच थांबला. दुलात गेला. संप सुरू झाल्यापासून बॉयलर थंड होता, दाराला बाहेरून कुलूप. आणि गटारातून वाफ येत होती. काळं पाणी वाहत होतं, उणे तीसमध्ये. दुलातनं हातमोजा काढून बोटं बुडवली. पाणी कोमट होतं.

वर फेस होता.