डोंगरावरच्या हवेचं डबडं

"अरे, हात तरी लावला का मी याला?" ढब्बू वैतागला. गलोलीचं नवंकोरं रबर ताणलं तोच तुटलं होतं, आणि तुकड्यांवर वाळलेल्या चिखलासारख्या भेगा होत्या.

झिपरीने खिळ्याकडे बघितलं, जिथे गलोल टांगलेली असायची. बरोबर त्याच्याखाली मामाचं डबडं घूं घूं करत होतं.

झिपरी आणि तिची धाकटी बहीण चिमी सुट्टीला मामाकडे आल्या होत्या. मामाचा मुलगा ढब्बू धरून तिघं या मागच्या खोलीत झोपायची. खोलीला कुबट वास यायचा, म्हणून मामाने हे वास घालवायचं यंत्र आणलेलं. ते स्वतःचाच एक तिखट वास सोडायचं. मामाच्या मते ती डोंगरावरची हवा. मामा जन्मात कधी डोंगर चढला नव्हता.

चिमीला दमा होता. डबडं आल्यापासून ती खोकतच उठायची. झिपरीने सांगून बघितलं, तर मामा पोट खाजवत म्हणाला की पोरगी लाडावलीय, आणि यात विज्ञान आहे, तुम्हाला कळायचं नाही.

मग झिपरीने आपलं विज्ञान केलं. एकाच पुड्यातले दोन रबरबँड दोन बरण्यांवर ताणून बसवले. एक बरणी स्वयंपाकघरात, दुसरी डबड्यासमोर. झोपताना ढब्बू गुपचूप डबड्याची पिन काढायचा, सकाळी मामा परत खोचायचा. तरी काही दिवसांत डबड्यासमोरचं रबर फाटलं. स्वयंपाकघरातलं होतं तसंच.

"रबराची ही गत," झिपरी म्हणाली, "तर चिमीच्या छातीचं काय होत असेल?"

आणि मामाने तर बाहेरच्या खोलीसाठी आणखी मोठं यंत्र मागवलेलं! चिमीने मग झोपायचं कुठे, जिन्यात?

ते मोठं यंत्र घेऊन विक्रेता आला. टाय चकचकीत, बोलणं त्याहून चकचकीत. मामा मान डोलवत बसला. झिपरीने आवाजात साखर घोळली.

"काका, आम्हाला शिकायचंय. तुम्ही मागच्या खोलीत बसा ना. आम्ही दार लावून यंत्र फुल करतो."

"छे छे, चालू असताना आत थांबायचं नसतं," तो बोलून गेला. "खोली रिकामी करून लावायचं. नंतर खिडक्या उघडायच्या."

मामीने हातातला ट्रे खाली ठेवला. "आणि आमची पोरं तिथे झोपतात ते?"

"मी साहेबांना सांगितलं होतं."

सगळे मामाकडे बघायला लागले.

"सांगितलं असेल," मामा म्हणाला. "मला वाटलं, ते घाबरटांसाठी असतं."

विक्रेत्याला मामीने दोन्ही डबड्यांसकट जिना दाखवला. मग कुबट वास येतो तरी कुठून ते शोधायला पोरांनी मागच्या खोलीतलं कपाट सरकवलं, गालिचा उचलला. खाली काळी बुरशी! प्लंबर कशाला हवा म्हणत मामाने एसीची पाण्याची नळी स्वतः बसवली होती, आणि तिचं तोंड बाहेर काढायचं सोडून गालिच्याखालीच ठेवलं होतं. पाणी दिसत नाही म्हणजे काम फत्ते, असा त्याचा हिशोब.

"मला आधीच शंका होती," मामा म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

मामीने झिपरीच्या झिपऱ्या आणखी विस्कटल्या. "बरं झालं बाई आलीस. या घरात डोकं कुणाचं तरी चालायला हवंच होतं."

खिडक्या सताड उघडल्या. बुरशी पुसली, खोली वाळेपर्यंत पोरं बाहेरच्या खोलीत झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमी खोकल्याशिवाय उठली आणि सरळ गच्चीवर गेली. मामा भर उन्हात कुजका गालिचा घासत होता.

"मामा," तिने विचारलं, "डोंगरावरची हवा कशी आहे?"