बावीस पोस्टकार्डं

दुपारी दोन वाजता मुकाइकाकांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि खुर्च्या मोजल्या. बावीस. ओसाकाच्या निप्पोनबाशी बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर हे दुकान. खाली ऑक्टोपसचे गोळे भाजणारी गाडी लागते, त्यामुळे वर जुन्या प्लॅस्टिकच्या वासात तेलाचा वास कायम मिसळलेला. भिंतभर मांडणीत जुनी व्हिडिओ गेमची मशीनं, प्रत्येकाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी. वर्षातून एका रविवारी मात्र विक्री बंद असते आणि भांडण चालू.

भांडण एकच आणि तीस वर्षांचं. नव्वदच्या दशकातलं सगळ्यात भारी मशीन कुठलं? सॅटर्न, प्लेस्टेशन की निन्टेन्डो सिक्स्टी-फोर? हसू नका. इथं येणारी माणसं चाळिशी ओलांडलेली, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाला टक्कल पडलेलं, पण प्रत्येक जण शाळेत असताना एका बाजूचा झाला तो झाला. नोकरी बदलेल, बायको बदलेल, बाजू बदलणार नाही.

पद्धतही ठरलेली. तीन फेऱ्या व्हायच्या: पहिली चित्रांवर, दुसरी हातात धरायच्या कंट्रोलरवर, तिसरी खेळांवर. बोलणाऱ्यांनी बोलायचं आणि फेरी संपली की प्रत्येकानं एकेक पोस्टकार्ड लिहायचं. त्या काळी गेमच्या मासिकांत वाचक असेच भांडायचे ना, पोस्टकार्डांवर! मशीनचं नाव, दोन ओळी कारण, खाली आपलं नाव आणि गाव. कार्डं तांदळाच्या डब्यात पडायची, मग मुकाइकाका एकेक काढून मोठ्यानं वाचायचे. ज्याचं असेल त्यानं हात वर करायचा, की टाळ्या. ज्याच्या बोलण्याला सगळ्यात जास्त टाळ्या, तो त्या वर्षीचा चॅम्पियन.

कुसाका चार वर्षं सलग जिंकला होता. तो सॅटर्नच्या बाजूनं बोलायचा आणि असा बोलायचा की समोरच्याची बोलती बंद. यंदा त्यानं मुलीला आणलं होतं. चिहारु सहावीत होती. पंधरा वर्षांखालच्यांना कार्ड मिळत नसे, म्हणून ती बापाच्या शेजारी स्टुलावर पाय हलवत बसली होती.

"आले का चॅम्पियन!" तेरादाबाई म्हणाल्या. या प्लेस्टेशनवाल्या. बँकेत कामाला, पण इथं आल्या की जिभेला हाड नसायचं. "यंदा साक्षीदार घेऊन आलात वाटतं? पोरी, ऐक. आमचं मेमरी कार्ड खिशात टाकून मैत्रिणीकडे नेता यायचं. तुझ्या बाबांच्या मशीनमधली बटणाएवढी बॅटरी संपली की महिनाभराचा खेळ पाण्यात!"

"बॅटरी बदलावी लागते म्हणूनच माणूस आपल्या वस्तूची काळजी घ्यायला शिकतो, तेरादासान," कुसाका म्हणाला. "ज्याला काळजी घ्यायची नाही, त्यानं खुशाल खिशात घालून हिंडावं."

खोली हसली. चिहारुनं बापाकडे असं पाहिलं, की कुणालाही आपण बाप असल्याचा अभिमान वाटावा. कुसाकाला वाटला नाही. ते वाक्य त्याचं नव्हतंच. पण ते कुणाचं हे माहीत असलेला दुसरा माणूस या खोलीत नव्हता.

पहिली फेरी त्यानं आरामात मारली. कार्डं लिहून झाली, डब्यात पडली. मुकाइकाका चष्मा लावून वाचू लागले. हात वर होत होते, टाळ्या पडत होत्या. अठरावं की एकोणिसावं कार्ड त्यांनी जरा लांब धरलं.

"सॅटर्न. बाबांनी मला हे मशीन घेतलं. वर्गात मी सांगतो की हेच सगळ्यात भारी. पण खरं म्हणजे दुकानदारानं बाबांच्या गळ्यात मारलं. रात्री मी पांघरुणात रडतो. इबुकी शोहेइ, सहावी, किशिवादा."

हात कुणाचाच वर झाला नाही.

"चाळिशीतली सहावी कोणाची रे?" मागून कोणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

"अक्षर पोराचंच आहे की," मुकाइकाका म्हणाले. "तेही डाव्या हातानं काढल्यासारखं." उरलेली कार्डं वाचून झाली. त्यांनी डबा उलटा केला, आपटला. "बावीस माणसं, बावीस कार्डं. पण कुसाकासान, तुमचं आलंच नाही. आणि हा इबुकी कोण? ओळखतं का कोणी?"

कुसाकानं समोरचा चहाचा पेला उचलून तोंडाला लावला. "नाही बुवा," तो म्हणाला.

ओळखत नव्हता कसा! किशिवादाच्या शाळेत शेजारच्या बाकावर होता तो. १९९६ चा हिवाळा. कुसाकाकडे प्लेस्टेशन होतं, इबुकीकडे सॅटर्न. रोज जेवणाच्या सुट्टीत वर्ग जमायचा आणि दोघांची जुंपायची. इबुकी हळू बोलायचा, पण एकेक वाक्य असं टाकायचा की कुसाकाला घरी जाऊन उत्तर सुचायचं. बॅटरीचं वाक्य त्याचंच. त्याचे वडील मासळीबाजारात पेट्या वाहायचे. आई घरात नव्हती. एकदा सगळ्या वर्गादेखत इबुकीनं कुसाकाला असं गप्प केलं, की मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. त्या संध्याकाळी कुसाकानं डाव्या हातात पेन्सिल धरून एक पोस्टकार्ड लिहिलं आणि मासिकाला धाडलं. खाली नाव टाकलं इबुकीचं.

दोन महिन्यांनी ते छापून आलं, नावागावासकट. वर्गात कोणीतरी उभं राहून मोठ्यानं वाचलं. इबुकी सांगत राहिला की आपण हे लिहिलं नाही, आणि जितकं सांगे तितके लोक जास्त हसत. चार दिवस तो शाळेत आला. पाचव्या दिवसापासून बाक रिकामा. वसंतात कळलं की आजोबांकडे तोत्तोरीला गेला. कुसाका मूग गिळून बसला. पुढे त्यानं कॉलेजात जुनं सॅटर्न विकत घेतलं, लहानपणापासून आपल्याकडे हेच होतं असं सांगू लागला आणि इबुकीची वाक्यं आपली म्हणून वापरू लागला. लाज वाटायची. वाटायची आणि तरी टाळ्या घ्यायचा.

पहिल्या फेरीनंतरच्या सुट्टीत खालून ऑक्टोपसच्या गोळ्यांची पुडी आली. चिहारु फुंकर मारून खात होती.

"बाबा, तो मुलगा तुम्हाला माहीत आहे ना?"

"कोण मुलगा?"

"इबुकी. त्याचं नाव घेतलं तेव्हा तुम्ही चहा प्यायलात. पेला रिकामा होता."

"काहीतरीच तुझं. खा, गार होतंय."

दुसऱ्या फेरीत तो नेहमीच्या निम्मंही बोलला नाही. कार्ड मात्र जपून लिहिलं. निळं पेन, ठसठशीत अक्षर, खाली 'कुसाका कात्सुया, अमागासाकी'. चिहारुला दाखवलं. तिनं वाचून मान डोलावली. स्वतः उठून त्यानं ते डब्यात टाकलं आणि झाकण मुकाइकाकांच्या हातानं लागेपर्यंत तिथंच उभा राहिला.

वाचन सुरू झालं. दहा झाली, पंधरा झाली. कुसाका प्रत्येक कार्डावरच्या शाईचा रंग दुरून बघत होता. सतराव्यावर काकांचा हात थांबला.

"सॅटर्न," त्यांनी वाचलं. आवाज खाली आला होता. "आई बाबांना कंटाळून निघून गेली. ज्यांना साधं मशीन निवडता येत नाही, त्यांच्याबरोबर कोण राहील? इबुकी शोहेइ, सहावी, किशिवादा."

या वेळी कोणी हसलं नाही.

कुसाका खुर्चीतून अर्धा उठला. हे वाक्य छापून आलं नव्हतं. पाठवलंही नव्हतं. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर कच्चं लिहून त्यानंच खोडलं होतं. त्या वयातही ते त्याला फार वाटलं होतं. पान फाडून चुरगळून संडासात टाकलं होतं, आणि पाणी सोडल्यावर ते खाली जाईपर्यंत बघितलं होतं. जगात ते वाक्य वाचलेला दुसरा माणूस नव्हता.

मुकाइकाकांनी कार्ड नाकाजवळ नेलं. "ओली पेन्सिल," ते पुटपुटले. जिभेला लावून लिहायची सवय असते काही पोरांना, तशी. मग त्यांनी डबा पुन्हा उलटा केला. "कुसाकासान, दोन्ही वेळा तुमचंच कार्ड गायब आहे. रागावू नका, पण विचारतो. हे तुमचं तर नाही ना?"

सगळी खोली त्याच्याकडे वळली. इतकी सोपी वाट त्याला अठ्ठावीस वर्षांत मिळाली नव्हती. हो म्हणायचं, बस. चिहारुनं पाय हलवायचे थांबवले होते.

"कोणीतरी माझी टिंगल करतंय, काका," कुसाका म्हणाला. आणि ते पुरेना म्हणून बोट उचललं. "तेरादासान, हरायची भीती वाटते म्हणून असलं काही करायचं?"

तेरादाबाईंचा चेहरा पांढरा पडला. "मी? मी कशाला करीन हो? एवढ्या हलक्या मनाची वाटले का मी तुम्हाला?" शेजारचे दोघं त्यांच्यापासून किंचित सरकले. कुसाकाला ते सरकणं ओळखीचं वाटलं आणि अंगाला खाज सुटावी तशी लाज सुटली. तरी बोट खाली यायला वेळ लागला.

तिसरी फेरी. तो उभा राहिला आणि इबुकीचं सगळ्यात चांगलं बोलणं त्याच्या तोंडून आपोआप बाहेर आलं. जिंकणारं मशीन कुठलं ते दुकानदार ठरवतो, पण आपलं मशीन कुठलं ते आपण ठरवतो, आणि एकदा ठरवलं की त्याची बाजू सोडायची नाही. म्हणताना आवाज चिरकला. लोकांना वाटलं, भरून आलं. टाळ्या वाजल्या.

कार्ड पुढ्यात आलं. त्यानं ठरवलं. लिहायचं. त्यानं पेन टेकवलं: 'इबुकीच्या नावानं ते पत्र मी'.

चिहारु वाकून बघत होती.

"काय लिहिताय, बाबा?"

त्यानं तळहातानं ओळ झाकली. खाडाखोड केली आणि वरून मोठ्या अक्षरात लिहिलं: 'सॅटर्न. कुसाका.' डब्यात टाकलं. जागेवर येऊन बसला. तिच्याकडे बघवत नव्हतं.

एक. दोन. तीन. हात वर, टाळ्या.

एकविसावं झालं. एकच उरलं.

मुकाइकाकांनी ते काढलं आणि त्यांच्या कपाळावरची आठी गेली. ते चक्क हसले.

"सॅटर्न. माझे बाबा सांगतात, लहानपणी त्यांच्याकडे हेच होतं. खोटं आहे. मला बाबांची लाज वाटते. कुसाका चिहारु, सहावी, अमागासाकी."

तासभर ताणलेली खोली एकदम फुटली. लोक मांड्यांवर हात मारून हसू लागले. "पोरीनं बापाला लोळवलं!" "म्हणजे सगळी कार्डं हिचीच!" "शाब्बास गं, आता तूच चॅम्पियन!" तेरादाबाईंनी डोळे पुसले. त्यांच्यावरचा आळ उतरला होता.

चिहारु स्टुलावरून उठली. कान लाल झाले होते.

"मी नाही लिहिलं," ती म्हणाली. "मला कार्डच दिलं नव्हतं."

"असू दे गं, घाबरू नको!"

"खरंच नाही हो. बाबांना विचारा. बाबा?"

हसू वाढलं. जितकं ती सांगत होती तितकं वाढत होतं. तिचा हात त्याच्या बाहीवर आला आणि घट्ट धरून राहिला.

एक वाक्य पुरणार होतं. हे मी लिहिलंय. हे आणि ते जुनं, दोन्ही.

कुसाका उभा राहिला. आता जे होईल ते होवो. मुलीसाठी तरी. त्यानं श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

हळूहळू खोली शांत झाली. तेरादाबाई थांबल्या. मुकाइकाकांनी कार्ड खाली ठेवलं. एकच जण अजून हसत होता, मोठमोठ्यानं, आवाज फुटायच्या वयातल्या पोराचं किनरं हसू. थांबतच नव्हता. कोण हा निर्लज्ज, म्हणून कुसाकानं मान वळवून एकेक चेहरा बघितला.

सगळ्यांची तोंडं मिटलेली होती.

चिहारुनं त्याच्या बाहीवरचा हात काढून घेतला. ती त्याच्या उघड्या तोंडाकडे बघत होती.