अकराव्या भागाचा शेवट

शनिवारी शाळा लवकर सुटते आणि विज्ञानाचे सर प्रयोगशाळा आमच्या हवाली करतात. हवाली करतात असं आपलं म्हणायचं. ते स्वतः कोपऱ्यातल्या बेसिनपाशी परीक्षानळ्या धूत उभे असतात आणि एक कान आमच्याकडे ठेवतात. आम्ही म्हणजे ‘निर्वात’ या मालिकेचे चाहते. शुक्रवारी संध्याकाळी टीव्हीवर नवा भाग, शनिवारी त्याची चिरफाड. स्टुलं पुरत नाहीत, म्हणून काहीजण ओट्यावर चढून बसतात, आणि ओट्यावर ॲसिडचे डाग असल्यामुळे अधूनमधून कुणाची तरी पँट कामी येते.

आणि या सगळ्या गोंधळाची चर्चाप्रमुख कोण? मी!

मला अजून खरं वाटत नाही. गेल्या वर्षीपर्यंत माझं ‘हजर’ पुढच्या बाकापर्यंतसुद्धा पोचायचं नाही. बाई मला गैरहजर लावायच्या आणि मी तिथेच बसलेली असायचे. मग एकदा इथे आमच्यातला चष्मिस एका भागाबद्दल काहीतरी फेकत होता आणि माझ्या तोंडून “ए, साफ चूक!” असं इतक्या जोरात निघालं की सरांच्या हातातली नळी बेसिनमध्ये पडून फुटली. तेव्हापासून जो आवाज सुटलाय तो सुटलाच. बाबा म्हणतात, हिचं झाकण हरवलंय.

तर त्या शनिवारी विषय होता अकरावा भाग.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यानातला तंत्रज्ञ बाहेर जाऊन अँटेना दुरुस्त करतो, आत येतो, हात पुसतो आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसतो. तेवढ्यात बाहेरचं दार वाजतं. टेबलाभोवती बघावं तर सगळे हजर. कोणीच बाहेर नाही. आणि दारापलीकडून त्याच तंत्रज्ञाचा आवाज येतो, “अरे, मी बाहेर राहिलोय. उघडा ना.” टेबलावरचा तंत्रज्ञ मान वर न करता म्हणतो, “उघडू नका.” आणि जेवत राहतो.

फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: आतला खरा की बाहेरचा?

“बाहेरचा,” चष्मिस म्हणाला. तो प्रत्येक भाग परीक्षेला बसल्यासारखा बघतो. “सूप येतं तेव्हा बघा. वाफा निघतायत, सगळे फुंकून पितात. हा फुंकतच नाही. थेट पितो.”

“तू सूप बघत होतास?” मी विचारलं.

“मग काय रेडिओसारखं उशीत तोंड घालून बसू?”

रेडिओ माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. हिला बंद करायचं बटण देवानं दिलेलंच नाही. “मी शेवटी तोंड बाहेर काढलं होतं!” ती म्हणाली. “आणि शेवट बघून पुन्हा आत घातलं. बाई गं, तो हात!”

“तो हात!” चारपाचजण एकदम ओरडले.

मीही बघितला होता तो. शेवटी कॅमेरा दारापाशी खाली खाली जातो आणि आतल्या बाजूनं एक छोटासा हात येतो. लहान मुलीचा. यानात तर लहान मूल नाहीच! तो हात कडी सरकवतो. दार जरासं उघडतं, ती मुलगी बाहेर जाते, दुसरं कुणीतरी आत येतं. संपलं.

“अंगठ्यावर ते पिवळं कडं होतं ना,” चष्मिस म्हणाला, “ते पोशाखाचं सील असणार.”

“कडं नाही रे, पट्टी,” रेडिओ म्हणाली आणि माझ्या हातातला खडू ओढून घेऊन तिनं फळ्यावर हात काढला. तिची चित्रकला बरी आहे. गुबगुबीत बोटं, अंगठ्याभोवती गुंडाळलेली पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला उभी राहिलेली छोटीशी शेपटी. “हे अस्सं.”

मी त्या शेपटीकडे बघत राहिले.

माझी धाकटी बहीण सहा वर्षांची आहे. दिसेल ते बटण दाबते, म्हणून तिचं नाव बटण. शुक्रवारी शाळेतून आल्यावर कात्रीनं तिचा अंगठा कापला. डब्यातल्या मलमपट्ट्या संपलेल्या. मग मी बाबांच्या कामाच्या पिशवीतून वायरींना लावायची पिवळी चिकटपट्टी काढली, खाली कापूस ठेवला आणि वरून गुंडाळली. टोक मुद्दाम मोकळं सोडलं, म्हणजे काढताना तिला ओढता येईल. ती म्हणाली, “ताई, माझ्या अंगठ्याला शेपूट आली.”

लहान मुलांना सगळेच पट्ट्या बांधतात. असेल एखादी तशी. मी घसा खाकरला आणि चर्चा पुढे न्यायला तोंड उघडलं.

“पण काल लाईट कुठे होती?” सर म्हणाले.

पाठमोरेच होते ते. “आमच्याकडे दार वाजायला लागलं आणि गुडुप. मी बायकोला म्हटलं, आता शेवट त्या कार्ट्यांना विचारावा लागणार.”

सगळे हसले. “भाग संपल्यावर गेली, सर,” चष्मिस म्हणाला. “तुमच्या भागाची लाइन वेगळी असेल. आमच्या घरी इन्व्हर्टर आहे, मी तर आरामात...” आणि तो थांबला. चष्मा काढून पुसायला लागला. “पण त्याच्यावर टीव्ही नाही जोडलेला. फक्त दिवे आणि पंखे.”

“आमच्याकडे मेणबत्ती होती,” रेडिओ म्हणाली. तिला इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. “आईनं टीव्हीशेजारी लावली होती. तो हात आला तेव्हा लावलेली होती. मला चांगलं आठवतंय, तिच्या उजेडाचा पडद्यावर डाग पडत होता.”

सरांनी बेसिनचा नळ बंद केला आणि ते आमच्याकडे वळले.

मलाही आठवलं. काल आई-बाबा दोघंही कामावर होते. घरात आम्ही दोघीच. दार वाजायला लागलं तेव्हा डोक्यावरचा पंखा गरगरत थांबला होता. खिडकीबाहेर समोरची इमारत काळी होती. खोलीत फक्त पडद्याचा निळसर उजेड, आणि त्याच्या अगदी पुढ्यात, नाक टेकेल इतक्या जवळ, बटण. मी ओरडले होते, “मागे सरक, डोळे जातील!” मग कधीतरी ती माझ्याशेजारी येऊन बसली. पाय माझ्या मांडीवर टाकले. पाय बर्फासारखे गार होते. मी पांघरूण ओढून दिलं आणि तिथेच झोपले.

“ऐका,” मी म्हणाले. चर्चाप्रमुखाच्या आवाजात, कारण दुसरा आवाज काढायची माझी तयारी नव्हती. “दुपारी पुन्हा दाखवतात. माझं घर जवळ आहे. आणि बाबा वीज उपकेंद्रात असतात, काल त्यांचीच पाळी होती. लाईट कधी गेली ते त्यांनाच विचारू.”

बाकीच्यांना घरी पोचायचं होतं. रेडिओ आणि चष्मिस आले.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. घंटा उंच आहे, बटणचा हात पोचत नाही. म्हणून खाली खेळून आली की ती दाराला दोन थापा मारते आणि एक लाथ. थाप, थाप, लाथ. लाथेमुळे दाराचा खालचा रंग उडालाय आणि त्यावरून आईची रोज बोलणी खाते. पण ऐकेल तर शपथ.

जिना चढताना मला सकाळचं आठवलं. मी शाळेला निघाले आणि दार उघडलं, तर ती बाहेर उभी. शेजारच्या मांजरीकडे गेली असणार. थापा नाहीत, लाथ नाही. दारापासून हातभर अंतरावर, दोन्ही हात खाली सोडून, कुणीतरी उघडायची वाट बघत. “किती वेळ उभी आहेस गं?” मी विचारलं होतं. ती नुसती आत गेली. मला उशीर झाला होता.

आई कामाला, तिच्या लॅबला, निघून गेली होती. बाबा नुकते उठले होते, डोळे सुजलेले, नखांत काजळी. “या या, शास्त्रज्ञ मंडळी,” ते म्हणाले. रेडिओनं त्यांना श्वास घेऊ न देता सगळं विचारलं.

“कधी गेली म्हणजे? मीच बंद केली,” बाबा म्हणाले. “ट्रान्सफॉर्मर पेटला होता. सगळ्या गावाची लाइन तोडली, ती पहाटेपर्यंत. वेळ कशाला सांगू, कंट्रोल रूममध्ये आमच्या छोट्या टीव्हीवर तुमचंच ते लावलं होतं. ही रोज डोकं खाते, म्हटलं आपल्यालाही कळू दे. तो म्हणाला ‘उघडू नका’ आणि फोन आला. मी खटका ओढला, टीव्ही गेला.” त्यांनी कपातला शेवटचा घोट घेतला. “बरं, पुढे झालं काय? उघडलं का त्यांनी दार?”

रेडिओनं सोफ्यावरची उशी ओढून पोटाशी धरली.

बाबांनी बटणसाठी दूध गरम केलं होतं. पेल्यातून वाफा निघत होत्या. एरवी दूध म्हटलं की अर्धा तास नाटक: गरम आहे, साय आहे, फुंकर तू मार. तिनं पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला.

“शहाणी झाली माझी ठमी,” बाबा म्हणाले आणि आतल्या खोलीत आडवे झाले.

चष्मिसनं रिकाम्या पेल्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. हातातला पाण्याचा भरलेला पेला त्यानं टीव्हीच्या टेबलावर ठेवला.

“अंगठा दाखव,” मी बटणला म्हणाले.

तिनं दाखवला. पट्टी नव्हती.

“सुटली,” ती म्हणाली.

“आणि कापलेलं?”

“बरं झालं.”

मी अंगठा उजेडात धरला. काल कापूस लाल होईपर्यंत रक्त आलं होतं. आता तिथे रेघही नव्हती. खपलीही नव्हती.

मालिका सुरू झाली. लख्ख ऊन पडलं होतं, मी खिडकीचे पडदेसुद्धा बाजूला केले. बटण सोफ्यावर माझ्याशेजारी बसली, पाय पोटाशी घेऊन. अँटेना झाली. सूप झालं. दार वाजलं. ठण, ठण, ठण, धातूवर धातू, एकसारखं.

“उघडू नका,” तंत्रज्ञ म्हणाला.

त्यांनी उघडलं नाही. कॅप्टन दाराला कपाळ टेकून उभी राहिली, ठणठण हळूहळू मंदावली, बंद झाली. पडद्यावर नुसतं दार. मग नावं सरकायला लागली.

हात आलाच नाही.

“कापला!” रेडिओ उसळली. “सीन कापला मेल्यांनी!”

“कापला नाही,” चष्मिस म्हणाला. “तो नव्हताच. अगं, आपण बंद टीव्हीवर...”

“गप रे! सगळ्यांनी बघितला तो काय उगाच?”

त्यांची जुंपली. एरवी मी मध्ये पडले असते. पण मी पडद्याकडे बघत होते. नावं वर सरकत होती आणि त्यांच्या मागे ते दार तसंच होतं, बंद. संगीत उतरत चाललं होतं. त्या संगीताखाली काहीतरी होतं.

थाप. थाप.

लाथ.

मला वाटलं, आमचंच दार. मी वळून बघितलं. नाही.

थाप. थाप. लाथ.

मला हाक मारायची होती. शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशी.

“बटण,” मी म्हणाले. आवाज निघाला तो हजेरीच्या वेळचा. जुना.

पडद्यातल्या थापा थांबल्या. ऐकत असल्यासारख्या.

“काय गं ताई?” माझ्या शेजारून आवाज आला.

मी तिच्याकडे बघितलं नाही. पडद्यात पुन्हा सुरू झालं. आता जोरात, भराभर, मध्ये न थांबता.

सोफ्यावरच्या मुलीनं रिमोट उचलला.

“किती आवाज करते ती,” ती म्हणाली.

पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा एकेक करून कमी होत गेल्या. मग एकही उरली नाही. नावं मुक्यानं सरकत राहिली. रेडिओ आणि चष्मिस भांडतच होते.

टीव्हीच्या टेबलावर चष्मिसचा पेला तसाच होता, काठोकाठ भरलेला. त्यातल्या पाण्यावर दोन बारीक तरंग उठले.

मग एक मोठा.