अंबिका शेवटी सुटते

रविवारी जेवणं आटोपल्यावर अजितने सोसायटीच्या हॉलच्या खिडक्यांवर चादरी लावल्या, प्रोजेक्टरचा झोत भिंतीवर नीट बसवला आणि 'गासडी' हा सिनेमा सुरू केला. लालबागच्या या टॉवरच्या जागी पूर्वी त्यांचीच चाळ होती, त्यामुळे खुर्च्यांवर बसलेली माणसं एकमेकांना लहानपणापासून ओळखत होती. मेघना मागे बसली. तिची आई अंबिका पुढच्या रांगेत होती, इस्त्रीची साडी नेसून. सिनेमात ती होती.

'गासडी' वीसेक वर्षांपूर्वी एका बंद गिरणीत चित्रित झाला होता. एक माणूस कापसाच्या गासड्या ओढायच्या लोखंडी हुकाने एकेकाला मारत सुटतो आणि शेवटी फक्त एक बाई वाचते. ती बाई अंबिका. कामगार नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळालेल्या अंबिकेला वाटलं होतं, आता आपलं नाव होणार. सिनेमा आठवडाभरात उतरला. पेपरात कुणी शिवीसुद्धा दिली नाही. मग तिने नवऱ्याचे डबे भरले, मेघनाला एम.एस्सी. केलं, नवरा गेल्यावर घर एकटीने ओढलं. अलीकडे कुणीतरी तो सिनेमा यूट्यूबवर चढवला आणि लोक खाली मतं लिहायला लागले. आई चष्मा लावून ती सगळी वाचायची. 'बाई जीव वाचवायला पळते की बस पकडायला?' 'खून झकास, पण हिला धड ओरडतासुद्धा येत नाही.' 'ही का वाचली? हिच्यामुळेच पडला असणार पिक्चर.'

सिनेमा संपला. पडद्यावरची अंबिका गिरणीच्या फाटकातून बाहेर पडून दुधाच्या टेम्पोत चढली आणि हॉलमधले दिवे लागले.

"काकी, रागावू नका," अजित म्हणाला. तो सोसायटीचा सेक्रेटरी, त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे. "पण तुम्ही मेला असतात ना, तर चालला असता पिक्चर."

"तेव्हा सांगायचंस ना मेल्या," आई म्हणाली. "मेले असते."

हशा पिकला. तेवढ्यात जयवंतमामा उठले. गणपतीत, वास्तुशांतीला, कुणाची नोकरी अडली तरी गाऱ्हाणं तेच घालायचे. देवापुढे उभं राहून ते मागणं मागणार आणि जमलेल्यांनी एका आवाजात होय म्हणायचं. मालवणी घरात त्या वेळी कुणी गप्प राहत नाही, तोंड आपोआप उघडतं. आज मामांनी थट्टेने भिंतीलाच हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! तुझ्या लेकरांनी आज ह्यो पिक्चर बघल्यानी. सगळा बरा आसा, पण शेवट जमाक नाय."

"व्हय म्हाराजा!"

"ही बाय सुटता. ती सुटता नये. त्या हुकवाल्याच्या हाताक गावू दे आणि बघणाऱ्यांका बरा वाटू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मेघनाही म्हणाली. सगळ्यांत मोठा आवाज आईचा होता. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मेघना परळच्या एका लॅबमध्ये काम करायची. शरीरातून काढलेल्या गाठींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे आणि काचेवर दिसतं तेवढंच लिहायचं, ही तिची सवय. त्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तिने एक नवं मत वाचलं. 'शेवटी हूक पोटरीत घुसतो तो शॉट! मराठीत असलं काही बघितलं नव्हतं.'

असा शॉट सिनेमात नव्हता. तिने शेवट लावून पाहिला. अंबिका फाटकापाशी पोचली, खालून हूक आला, डाव्या पोटरीत शिरला. ती कशीबशी सुटली आणि लंगडत टेम्पोत चढली. मेघनाच्या लॅपटॉपवर सिनेमाची आधी उतरवून ठेवलेली प्रत होती. तिच्यातही तेच होतं.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा आई सुरमईच्या तुकड्यांना हळद-मीठ लावत होती, डावा पाय स्टुलावर टाकून.

"काय झालं पायाला?"

"दाराची कडी लागली असेल."

मेघनाने वाकून पाहिलं. जखमेचं तोंड गोल होतं आणि आतली वाट वर वळत गेली होती. जिवंत मांसाला जखम झाली की कडा सुजतात, लाल होतात. या कडा कोरड्या आणि फिकट होत्या. तशा कडा तिने फक्त लॅबमध्ये पाहिल्या होत्या.

"दुखतं?"

"दुखतं तर. पण तू वाचलंस का? 'पायात हूक घुसल्यावर बाईचा चेहरा बघा,' असं लिहिलंय एकाने." आई मिठाचा हात तसाच धरून हसली. "चेहरा म्हणे."

डॉक्टरांनी टाके घातले. ते सुटले. मग खांद्याला तशीच जखम झाली, मग बरगड्यांखाली. दर वेळी सिनेमात ती आधी झालेली असायची. आता पडद्यावरची अंबिका फाटकापर्यंत पोचतच नव्हती. ती कापूस पिंजायच्या खोलीत सरपटायची आणि हुकवाला तिच्याकडे नुसता बघत उभा असताना सिनेमा संपायचा. 'बाई भारी काम करते.' 'सगळ्यात चांगली हीच आहे यात.' 'पण सोडतो कशाला? पूर्ण कर ना भावा.'

मेघनाने खाली लिहिलं, 'या माझ्या आई आहेत. त्या जिवंत आहेत. कृपया असं लिहू नका.'

उत्तर लगेच आलं. 'मग तर अजून मजा.'

ती जयवंतमामांकडे गेली. ते हसले नाहीत.

"घातलेला गाऱ्हाणा फिरवूचा तर तीच माणसा व्हयी," ते म्हणाले. "आणि सगळ्यांनी होय म्हणाक व्हया."

"बोलावते मी सगळ्यांना."

"बोलव गो. पण ती माणसा कशाक येतली, ता बघ."

पुढच्या रविवारी दुपारी सगळे आले. बसायला जागा पुरेना. खिडक्यांवर चादरी आधीच लावलेल्या होत्या. मेघनाने अजितला तसं सांगितलं नव्हतं.

आई पुढच्या रांगेत, भिंतीला पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसली होती. बरगड्यांखालचं बँडेज पोलक्यातून उठून दिसत होतं.

मामांनी या वेळी खरंच हात जोडले. "बा देवा म्हाराजा! चुकीन मागला ता फिरवून घे. ह्या बायेक सुखरूप सोड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मेघना म्हणाली.

तिचा एकटीचाच आवाज आला.

मामांनी पुन्हा म्हटलं. शेजारच्या कांताकाकी मांडीवरच्या पर्सशी चाळा करत राहिल्या. कुणीतरी खोकलं.

"मेघना, खरं सांगू?" अजित म्हणाला. "आता कुठे जमत आलंय."

"काय जमत आलंय? ती समोर बसलीय!"

"अगं, मग काकींचंच तर कौतुक चाललंय."

मेघना आईसमोर गुडघ्यांवर बसली. "आई, तू म्हण. तू म्हटलंस तर हे म्हणतील."

आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. हात थंडगार होता.

"राहू दे गो," ती म्हणाली. "इतकी वर्षं कुणी नावसुद्धा घेतलं नाही. आता म्हणतायत, बाई चांगलं काम करते. असं अर्धवट सोडू?"



"व्हय म्हाराजा," मागून कुणीतरी हलकेच म्हणालं.

मग सगळे म्हणाले. मान खाली घालून मामाही म्हणाले.

आईने पदर सारखा केला. "लाव रे अजित."

मेघना प्रोजेक्टरकडे झेपावली. कांताकाकींनी तिचा दंड धरला, मायेने आणि घट्ट.

"बस गो बाय," त्या म्हणाल्या. "मागच्यांना दिसत नाही."

दिवे बंद झाले. भिंतीवर गिरणीचा उजेड पडला, यंत्रांची घरघर सुरू झाली. अंधारात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, बराच वेळ.

डोळे अंधाराला सरावल्यावर मेघनाला दिसलं. खुर्च्यांचं कोंडाळं आईभोवती आवळत आलं होतं, आणि भिंतीकडे कुणीच बघत नव्हतं.