एका केसाएवढी जाड कडी

ती चुकूनच त्याच्या दुकानात आली. जायचं होतं शेजारच्या चष्मेवाल्याकडे, पण पाटी न वाचताच जिना चढली आणि समोर उघडून ठेवलेले कॅमेरे बघून थबकली. मग काय मनात आलं कोण जाणे... पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक जुनी लेन्स काढून तिने त्याच्या टेबलावर ठेवली.

"ही माझ्या कॅमेऱ्यावर बसेल?"

तिचा कॅमेरा मीडियम फॉरमॅटचा, डिजिटल, भल्यामोठ्या सेन्सरचा. लेन्स वडिलांच्या फिल्म कॅमेऱ्याची आणि भलत्याच कंपनीची. दोघांची गाठ घालायला मधे एक कडी घडवावी लागणार होती.

"बसेल," तो म्हणाला. "पण फोटोचे कोपरे काळे पडतील. सेन्सर मोठा आहे, ही तेवढी पुरणार नाही."

"पडू देत. बाबा गेल्यापासून कुठे काय पुरतंय?"

हे तिने हसून सांगितलं, आणि तो कामातून गेला. खिडकीपाशी विणत बसलेल्या आत्याने चष्म्यावरून एकदाच पाहिलं. दुकान आत्याचं होतं, भाच्याला हाताला धरून काम शिकवलं होतं तेही तिनेच. त्याचा चेहरा तिला पाठ होता.

कडी चार दिवसांत झाली, मापाला अगदी बरोबर. पण ती दिली की काम संपलं. मग ती पुन्हा कशाला येईल? त्याने ती कडी खणात ठेवली आणि दुसरी केली, पहिलीपेक्षा एका केसाएवढी जाड, आणि तीच तिला दिली. तेवढ्याने लेन्स सेन्सरपासून जरा लांब बसते. जवळचं लख्ख येतं, दूरचं मात्र काही केल्या स्पष्ट होत नाही. ती तक्रार घेऊन येईल, चहा होईल, चार शब्द होतील — एवढाच त्याचा बेत होता.

शनिवारी ती आली. डोळे सुजलेले होते.

"जवळचं छान येतं हो. पण दूरचं..." ती खुर्चीत बसली. "आमच्या गच्चीतून एक डोंगर दिसतो. बाबा दरवर्षी याच लेन्सने त्याचा फोटो काढायचे. उद्या सकाळी घर सोडायचंय, शेवटचा मी काढणार होते. काल आभाळ स्वच्छ होतं. अंधार पडेपर्यंत धडपडले, एकही नीट आला नाही. आज तर ढगच आहेत."

तो उठला. आत जाऊन यंत्र उगाच फिरवायचं आणि खणातली कडी आणून द्यायची... तिला कळलंही नसतं. त्याने खण तिच्यासमोरच उघडला.

"ही बरोबर मापाची. आधीच केली होती. ती जाड मी... मुद्दाम दिली."

"मुद्दाम? का?"

"तुम्ही परत यावं म्हणून."

तिने कडी बदलली, खिडकीतून लांबच्या टाकीवर कॅमेरा धरून पाहिला, आणि जाड कडी टेबलावर टाकून जिना उतरली.

"केसाने गळा कापलास रे तिचा," आत्या म्हणाली.

"माहितीये."

"खरं बोललास, एवढं तरी केलंस." आणि तिने सुया पुन्हा हातात घेतल्या.

पुढचे आठ दिवस त्याचं कशात लक्ष लागलं नाही. जिना वाजला की हातातला स्क्रू घरंगळायचा. ती येणार नाही हे पक्कं ठाऊक होतं, तरी जाड कडी तो रोज पुसून ठेवायचा.

नवव्या दिवशी ती आली. टेबलावर एक फोटो ठेवला. डोंगर अर्धा ढगात होता, पण दिसत होता तेवढा अगदी स्पष्ट, आणि चारही कोपरे काळे.

"स्वच्छ आभाळ तुम्ही घालवलंत," ती म्हणाली. "ते मी विसरणार नाही."

"विसरूही नका."

"पण बाबांच्या एकाही फोटोत ढग नाहीत... हा माझा आहे." तिने फोटो बाजूला सरकवला. "ती जाड कडी कुठाय?"

त्याने पुढे केली. तिने लेन्स काढली, कडी बदलून परत बसवली. मग तिने कॅमेरा डोळ्याला लावला — थेट त्याच्यावर.

"हिच्यात दूरचं येत नाही," तो कसाबसा म्हणाला.

"ठाऊक आहे. म्हणून तर... अजून थोडे जवळ या."

आत्या विणकाम उचलून आतल्या खोलीत गेली.